काळी पडलेली चांदी आणि पेट्रोलचा काटा

२००४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा आणि लुइझियाना राज्यांतल्या गॅरेजांमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागल्या. पेट्रोलचा काटा ‘फुल’वरून हलेना. टाकी भरलेली दिसते म्हणून माणूस निर्धास्त निघायचा आणि भर रस्त्यात गाडी दोन-चार आचके देऊन बंद पडायची. इंजिनात काही दोष नाही, बॅटरी ठीक, टाकी मात्र कोरडी ठाक. शोध घेता घेता माग लुइझियानातल्या नॉर्को इथल्या रिफायनरीपर्यंत पोचला. तिथून निघालेल्या पेट्रोलमध्ये सुट्या, म्हणजे मूलद्रव्याच्या रूपातल्या गंधकाचं प्रमाण वाढलं होतं. ‘शेल’ आणि रिफायनरी चालवणारी ‘मोटिव्हा’ यांना अनेक पंपांवरची विक्री थांबवावी लागली आणि बिघडलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीचा खर्चही उचलावा लागला.

एरवी गाडीला काहीही न होऊ देता केवळ काट्याला वेड लावणारं पेट्रोल ही बहुतेकांना नवलाची गोष्ट होती. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मालकांना ती तितकी नवी नव्हती. त्यांच्या गाडीला हे दुखणं आधीपासूनच जडलेलं होतं.

कॉर्व्हेट म्हणजे अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्‌स कार. तिची पाचवी पिढी, मालकांच्या भाषेत ‘सी-फाइव्ह’, १९९७ च्या जानेवारीत लोकांसमोर आली. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३४५ अश्वशक्ती, आणि केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनचा कारखाना. या गाडीत अभियंत्यांनी एक मोठा बदल केला होता. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन सारखं पडावं म्हणून गिअरबॉक्स इंजिनाजवळून काढून थेट मागच्या अ‍ॅक्सलशी नेऊन बसवला. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स आणि दोघांना जोडणारी, गाडीच्या मधोमध धावणारी जाड नळी. हाताळणीच्या दृष्टीनं हे उत्तमच झालं. पण मग पेट्रोलची टाकी ठेवायची कुठे?

उत्तर निघालं ते दोन टाक्यांचं. मागच्या चाकांच्या पुढे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, दोन्ही मिळून साधारण सत्तर लिटर. पेट्रोल भरायचं तोंड डावीकडच्या टाकीला, पंपही तिच्यातच. उजवीकडचं पेट्रोल डावीकडे आणण्याची युक्ती मोठी मजेदार आहे. तिथे वेगळी मोटर नाही. मुख्य पंपाच्या दाबाखालचं थोडं पेट्रोल उजव्या टाकीकडे पाठवायचं, ते बारीक छिद्रातून जोरात सोडायचं, आणि त्या धारेच्या ओढीनं आजूबाजूचं पेट्रोल नळीतून डावीकडे वाहून आणायचं. त्यामुळे उजवी टाकी आधी रिकामी होते आणि डावीची पातळी बराच वेळ टिकून राहते. दोन्ही टाक्यांत एकेक फ्लोट. दोघांची उत्तरं गाडीचा संगणक ऐकतो, त्यांची बेरीज करतो आणि डॅशबोर्डवरच्या काट्याला सांगतो, इथे उभा राहा.

म्हणजे काटा टाकीकडे बघत नाही, तो संगणकाचं ऐकतो. संगणक फ्लोटांचं ऐकतो. फ्लोटाला तरी काय कळतं? आपण तरंगतो आहोत त्या एका जागी पातळी किती, एवढंच.

हा फ्लोट हातात घेऊन पाहिला तर निराशाच होते, इतका तो साधा असतो. एका तारेच्या टोकाला हलका ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला धातूची बोटं. ठोकळा वर-खाली झाला की ही बोटं चिनीमातीसारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या छोट्या पट्टीवरून सरकतात. पट्टीवर शेजारीशेजारी बारीक रेघा छापलेल्या असतात, चांदी आणि पॅलेडियम यांच्या मिश्रणाच्या. बोट ज्या रेघेवर टेकेल त्याप्रमाणे विजेच्या वाटेतला रोध बदलतो. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या मापानुसार टाकी रिकामी असताना सुमारे ४० ओहम, भरलेली असताना सुमारे २५०. या दोन आकड्यांच्या मधे सगळा हिशोब चालतो. हे सगळं कायम पेट्रोलमध्ये बुडालेलं असतं, आणि विजेचा प्रवाह मुद्दाम अगदी क्षीण ठेवलेला असतो. पेट्रोलच्या टाकीत ठिणगी कोणाला हवी आहे?

क्षीण प्रवाहाची हीच अडचण. मोठ्या प्रवाहाच्या स्विचमध्ये संपर्काच्या जागी बसलेला पातळ थर थोडाफार जळून निघतो. इथे तो तसाच बसून राहतो.

आणि थर बसतो तो कशाचा? दिवाळीच्या आधी चांदीची निरांजनं, ताम्हण, अत्तरदाणी कपाटातून बाहेर निघतात तेव्हा त्यांच्यावर जो काळा थर दिसतो, अगदी तोच. सिल्व्हर सल्फाइड. घरात हवेतला अत्यल्प गंधक पुरतो, टाकीत पेट्रोलमधला. निरांजन रांगोळीनं किंवा दंतमंजनानं घासून लख्ख करता येतं. टाकीतल्या पट्टीवर हात पोचत नाही. बोटं सरकून सरकून थर थोडा खरवडला जातो खरा, पण काही रेघांवर तो ठाण मांडून बसतो. बोट तिथे टेकलं की रोध एकदम वाढतो. २५० ओहमच्या जवळ गेला तर काटा ‘फुल’ दाखवतो. त्याच्याही पलीकडे गेला, तर संगणकाला कळतं की असला आकडा या जगात असू शकत नाही.

अशा वेळी काय करायचं, हा निर्णय गाडी बनवणाऱ्यांनी आधीच घेऊन ठेवलेला असतो. शेवटचा चांगला आकडा धरून ठेवता आला असता, काटा मधोमध सोडता आला असता. सी-फाइव्हमध्ये ठरलं ते असं की उत्तरावर विश्वास नसेल तर काटा ‘रिकामी’वर आणायचा. म्हणून पाऊण टाकी भरलेली असताना काटा धाडकन खाली बसतो, इशाऱ्याचा दिवा पेटतो, घंटी वाजते, आणि चार-पाच मैलांनी, बोट पुढच्या स्वच्छ रेघेवर गेलं की, काटा काहीच न झाल्यासारखा पुन्हा वर येतो. मालक वैतागतो. प्रस्तुत लेखकाला मात्र अभियंत्यांची बाजू पटते. ‘फुल’ची थाप महामार्गाच्या कडेला उभं करते, ‘रिकामी’ची थाप फार तर पेट्रोल पंपावर नेते.

दुसरी गंमत अशी की हा बिघाड काट्यापुरता राहत नाही. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला स्वतःची तपासणी स्वतः करावी लागते, आणि पेट्रोलची वाफ कुठून गळते का ही त्यातली एक. टाकी काठोकाठ भरलेली असेल किंवा तळाला गेलेली असेल तर ही चाचणी भरवशाची नसते. जनरल मोटर्सच्या गाड्या ती साधारण १५ ते ८५ टक्के पातळी असतानाच करतात. म्हणजे संगणकाला पातळी नीट कळलीच पाहिजे. म्हणून तो फ्लोटांवर पाळत ठेवतो. गाडी बरीच पळली, इंजिननं पेट्रोल जाळलं, तरी फ्लोटाचा आकडा जागचा हलला नाही, की इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. गॅरेजमध्ये यंत्र जोडलं की पी-०४६१ किंवा पी-१४३१ असा कोड दिसतो. पहिला पहिल्या फ्लोटाचा, दुसरा दुसऱ्याचा. जाणकार मेकॅनिक कोड पाहूनच सांगतो की कुठल्या बाजूला हात घालायचा आहे.

तसं पाहिलं तर काट्याच्या बेभरवशीपणाला मोठी परंपरा आहे. फोर्डच्या मॉडेल टी-ला काटाच नव्हता. सीट उचलायची, टाकीत काठी बुडवायची आणि ओल पाहायची. फोक्सवॅगनच्या बीटलला १९६१ पर्यंत काटा नव्हता, पायाशी रिझर्व्हची खिटी होती. ज्या मराठी वाचकानं आकुर्डीत बनलेली बजाज चेतक चालवली आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. चालती स्कूटर गचके खाऊ लागायची, आणि स्वार एका हातानं हँडल सांभाळत दुसऱ्या हातानं कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवायचा. तरी नाहीच चालली तर स्कूटर आडवी कलंडवून तळाचे चार थेंब सरकवायचे. ती व्यवस्था ओबडधोबड होती, पण तिच्यात चांदी नव्हती आणि ओहमही नव्हते.

ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांचा आजार वेगळा. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एमजीबीसारख्या गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे उष्णतेवर चालणारे मीटर आले. आत दोन धातूंची पट्टी, तिच्याभोवती तार. तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. चावी फिरवल्यावर तो आळस देत देत वर चढतो. त्यामुळे वळणावर पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही. पण या मीटरला सरासरी दहा व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो, आणि तो देणारी छोटी डबी डॅशबोर्डच्या मागे असते. तिचा अर्थिंगचा जोड गंजला की पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकत्रच जास्त दाखवू लागतात. दोघं एकाच वेळी चढले तर टाकी उघडण्याआधी ती डबी तपासायची, हे जुने कारागीर पहिल्याच दिवशी शिकवतात.

हिंदकळण्याचा प्रश्न स्पोर्ट्‌स कारला इतरांपेक्षा जास्त छळतो. सी-फाइव्हसारखी गाडी वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नऊ दशांश जोर सहज सोसते. एवढ्या जोरात टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग ४० अंशांहून अधिक कलतो. एका भिंतीला पेट्रोल चढलेलं, दुसऱ्या भिंतीशी तळ उघडा. फ्लोट त्या क्षणी जे सांगेल त्याला अर्थ नसतो, म्हणून संगणक बऱ्याच वेळाची सरासरी काढतो. टाकीचा आकार वाकडातिकडा असेल तर आणखी एक भानगड: पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे वरच्या भागात जितकं पेट्रोल गेलं तितकंच खालच्या भागात जात नाही. त्यात फ्लोट छताला टेकल्यावरही टाकीत थोडं पेट्रोल मावतंच. पहिली अर्धी टाकी भरपूर पुरली आणि दुसरी भुर्रकन उडाली, हा सगळ्यांचा अनुभव तिथूनच येतो.

शर्यतीत काट्यावर विसंबून कोणी पेट्रोल भरत नाही, आकडेमोडीवर भरतात. तीही फसते. १२ डिसेंबर १९५९ रोजी सेब्रिंगच्या अमेरिकन ग्रां प्रीमध्ये पुढे असलेल्या जॅक ब्रॅबमच्या कूपरमधलं पेट्रोल शेवटच्या फेरीत संपलं. त्यानं उतरून गाडी ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि विश्वविजेताही झाला. शर्यत जिंकली त्याच्याच संघातल्या बावीस वर्षांच्या ब्रूस मॅक्लॅरेननं.

कॉर्व्हेटच्या दुखण्यावर मालकांचा घरगुती उपाय म्हणजे शेव्हरॉनच्या ‘टेक्रॉन’ची बाटली. मुळात हे इंजिन साफ ठेवणारं द्रव्य, पण टाकीत ओतून पेट्रोल भरलं आणि थोडी गाडी पळवली की कित्येकदा काटा शुद्धीवर येतो. कधी एका बाटलीत, कधी दोन-तीन टाक्यांनंतर. काहींच्या बाबतीत येतच नाही. थर जुना आणि जाड असेल, किंवा रेघच झिजली असेल, तर फ्लोटाचं सबंध युनिट बदलण्यावाचून इलाज नाही, आणि त्यासाठी गाडी वर उचलून खालून बरंच काही सोडवावं लागतं.

नॉर्कोच्या प्रकरणानंतर तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळांतही एक भर पडली. पेट्रोल धातूला किती खातं हे पाहायला पूर्वापार तांब्याची पट्टी वापरत: ५० अंश सेल्सिअसवर तीन तास बुडवायची आणि तिचा रंग ठरलेल्या तक्त्याशी ताडून पाहायचा. भारतातही हीच परीक्षा आहे. पण तांब्यानं पास केलेलं पेट्रोल चांदीला डागाळू शकतं, हे नॉर्कोनं दाखवून दिलं. विमानाच्या इंधनासाठी चांदीच्या पट्टीची परीक्षा आधीपासून होती. मग ती अमेरिकेच्या मोटारींच्या पेट्रोललाही लागू झाली.

एकूण गंधक दरम्यान कमी होतच गेला. भारतात बीएस-३ च्या पेट्रोलमध्ये दशलक्ष भागांत १५० भागांपर्यंत गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये फक्त १०. चांदीला यानं दिलासा मिळतो, अभय मिळत नाही. कारण तिला काळं करतो तो सुटा गंधक, आणि तो दशलक्षात दोन-चार भाग असला तरी बास होतो. म्हणून फ्लोट बनवणाऱ्यांनी पेट्रोलवाल्यांवर विसंबणंच सोडलं. काहींनी चांदीच्या जागी सोन्याचं मिश्रण वापरलं. काहींनी बोट आणि पट्टीचा स्पर्शच मोडीत काढला: तारेच्या टोकाशी लोहचुंबक, आणि संपर्काच्या रेघा पेट्रोल शिरणार नाही अशा बंद कप्प्यात. चुंबक बाहेरून सरकतो, आतल्या बारीक पट्ट्या त्याच्या ओढीनं रेघांना टेकतात.

जुन्या सी-फाइव्हच्या मालकाला या सुधारणेचा उपयोग नाही. तो पंपावर टाकी काठोकाठ भरतो, ट्रिप मीटर शून्यावर आणतो आणि अडीचशे मैल झाले की काट्याला न विचारता पुन्हा पंप गाठतो.