कौशल्याचा खेळ आणि पैज : अमेरिकेतील पूल खेळाडूंचा व्यवहार

प्रस्तावना :
जुगार म्हटला की प्रथम नशीब आठवते. फासे, पत्ते, आकडा यांचे फल अनिश्चित असते आणि त्या अनिश्चिततेवरच पैसा लावला जातो. पूल या खेळाची गोष्ट निराळी आहे. क्यूने चेंडू टेबलाच्या सहा खिशांत घालण्याच्या या खेळात नशिबाचा वाटा अल्प असून दीर्घ सामन्यात बहुधा सरस खेळाडूच जिंकतो. मग अशा खेळाडूशी पैज लावणार कोण? अमेरिकेत पैशासाठी खेळणाऱ्या पूल खेळाडूंचा सारा व्यवहार या एका प्रश्नाभोवती फिरतो. (खुद्द ‘पूल’ हा शब्दही पैजेसाठी एकत्र केलेल्या रकमेचा वाचक आहे.)

लपविलेले कौशल्य :
या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ‘हसलर’. नेड पोल्स्की या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हसलर्स, बीट्स अँड अदर्स’ या ग्रंथात त्याचा अभ्यास मांडला आहे. पोल्स्की स्वतः बिलियर्ड खेळणारे असल्याने त्यांचे निरीक्षण आतले आहे. त्यांच्या मते हसलरची फसवणूक टेबलावरच्या लबाडीची नसते. ती स्वतःच्या कौशल्याविषयीची असते. वेड पांघरून पेडगावला जाणे हीच त्याची रीत. तो थोडक्या फरकाने जिंकतो, अवघड फटका साधत असूनही टाळतो. उत्तम खेळणाऱ्याला उत्तम न खेळण्याचा संयम शिकावा लागतो, हे या व्यवसायाचे वैचित्र्य होय.

परस्परांचे बळ ठाऊक असलेल्या खेळाडूंत मात्र सोंग चालत नाही. तेथे सूट द्यावी लागते. खेळाडू तिला ‘स्पॉट’ म्हणतात. नाइन-बॉल प्रकारात टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो आणि नऊ क्रमांकाचा चेंडू खिशात घालणारा डाव जिंकतो. दुबळ्या खेळाडूला ‘आठ’ दिला, तर आठ क्रमांकाचा चेंडू घालूनही त्याला डाव जिंकता येतो. किंवा त्याला काही डावांची आघाडी आधीच दिली जाते. ही घासाघीस दीर्घकाळ चालते आणि सामन्याचा निकाल पुष्कळदा तेथेच लागतो. पैशासाठी खेळणाऱ्याचे खरे कसब क्यूइतकेच या वाटाघाटीत असते, असे म्हणावयास हरकत नाही.

यात तिसरा पक्ष पैसे पुरविणाऱ्या पाठीराख्याचा. तो हार झाल्यास सर्व नुकसान सोसतो, जीत झाल्यास साधारणतः निम्मा वाटा घेतो. साहजिकच दोन खेळाडूंनी संगनमत करून त्याच्या पैशावर मुद्दाम हरण्याचा मोह येथे उद्भवतो. पोल्स्की यांनी या प्रकाराचीही नोंद केली आहे.

प्रकट कौशल्य :
स्पर्धेचे तत्त्व नेमके उलट. तेथे कौशल्य दाखवावे लागते. इलिनॉय राज्यातील जॉन्स्टन सिटी या लहानशा गावी जॅन्स्को बंधूंनी १९६१ पासून भरविलेल्या स्पर्धांत ही दोन्ही तत्त्वे एका छपराखाली आली. अधिकृत सामने संपले की रात्री पैजांचे खेळ रंगत. दूरचित्रवाणीमुळे मात्र हसलरांचे चेहरे घरोघरी पोचले. ज्याचा चेहरा सर्वांना माहीत, त्याला अनोळखी म्हणून कोठे बसता येणार? १९७२ मध्ये केंद्रीय यंत्रणेने जुगारप्रकरणी छापा घातला व या स्पर्धा बंद पडल्या.

फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये ह्यूस्टन येथे ‘सीझर मोरालेस’ या नावाने खेळले, कारण त्यांच्या खऱ्या नावाची कीर्ती त्यांच्याआधीच अमेरिकेत पोचली होती. पुढे १९९४ मध्ये त्यांनी यू. एस. ओपन जिंकली आणि नाव लपविणे निरर्थक झाले. १९९६ मध्ये हाँगकाँग येथे अर्ल स्ट्रिकलँड यांच्याशी त्यांचा एक लाख डॉलरचा सामना झाला. प्रथम १२० डाव जिंकेल तो विजयी, अशी अट होती. तीन दिवसांनी रेयेस १२०-११७ असे जिंकले. इतक्या तुल्यबळ दोघांत सूट मागण्याचा प्रश्नच नव्हता.