गाडी जिथे थांबते

शनिवारी सकाळी नेरळहून माथेरानच्या घाटात गाड्यांची रांग लागते. मुंबई, ठाणे, कल्याण, पुणे इथून निघालेली कुटुंबं दस्तुरी नाक्यावर गाडी लावतात आणि पुढचं अडीच-तीन किलोमीटरचं अंतर पायी, घोड्यावरून, ई-रिक्षाने नाहीतर अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलने कापून बाजारात पोहोचतात. एरवी कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढणारी हीच माणसं इथे सकाळ-संध्याकाळ चालतात, आणि घरी परतल्यावर किती छान वाटलं ते चार जणांना सांगतात. श्रेय मात्र आपण हवेला, झाडीला आणि डोंगराला देऊन मोकळे होतो. डोंगर, झाडी आणि थंड हवा महाबळेश्वरलाही आहे. तरी मोठ्या सुट्टीत तिथे पोहोचलेल्या पर्यटकाचा बराच वेळ गाडीच्या काचेआड, पुढची गाडी हलण्याची वाट पाहण्यात जातो. माथेरानमध्ये ती वेळ येत नाही, कारण गाडीने कुठे थांबायचं हे तिथे ठरलेलं आहे. चालण्याजोगं गाव घडतं ते या निर्णयापासून. फूटपाथ, बाकं, दिवे हे सगळं त्यानंतर येतं. आपल्या शहरांनी मात्र सुरुवात नेमकी उलट्या टोकाकडून केली, असं माझं मत आहे.

माथेरानला हा निर्णय काही अंशी इतिहासाने आयता दिला. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत हे पठार आलं आणि तिथे वस्ती सुरू झाली. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली, जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी रेल्वे नेरळपासून वीस-एकवीस किलोमीटर चढून थेट बाजारात आली. मोटारीचा जमाना येण्याआधीच गावाची ठेवण पक्की झाली होती, आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर मोटारबंदीला आणखी बळ मिळालं. आज रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि परवानगी मिळालेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर मोटारीचं चाक गावात फिरत नाही. याचा परिणाम पाहायचा तर बाजाराकडे जाणाऱ्या लाल वाटेवरच्या लहान मुलांकडे पाहावं. आईने त्यांचा हात सोडलेला असतो. मूल पुढे पळतं, वाटेच्या मधोमध बसून दगड गोळा करतं, माकड दिसलं की मागे धावत येतं, आणि कोणी ओरडत नाही. म्हातारी माणसं वाटेच्या कडेला न सरकता मधून, शेजारी शेजारी, बोलत चालतात. दोघांनी बरोबरीने चालत बोलणं ही किती साधी गोष्ट! शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ती करता येत नाही. तिथे एकामागे एक चालावं लागतं आणि मागच्याचं पुढच्याला ऐकू येत नाही.

आपल्याकडे नियमांची वाण नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आता कोणत्याही मध्यम वस्तीतला फूटपाथ पाहा. सुरुवातीलाच गुडघ्याला ताण देणारी पायरी, वीस पावलांवर सोसायटीच्या फाटकासाठी केलेला उतार, पुन्हा चढ, मग विजेचा डीपी, त्याला टेकलेली मोटारसायकल, पुढे उखडलेल्या फरश्या. गुडघे दुखणारी आजी तिसऱ्या पायरीनंतर नाद सोडते आणि रस्त्यावरून चालू लागते. मग आपण म्हणतो, लोकांना फूटपाथ वापरण्याची शिस्तच नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर बत्तीस हजारांहून अधिक पादचारी मेले. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी पाचांपैकी एकाहून अधिक जण कामाला पायी जात असल्याचं दिसलं होतं. म्हणजे चालणं हा आपल्याकडे काही मूठभरांचा छंद नाही, आणि ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नाही त्यांना आपण सगळ्यात वाईट जागा देतो.

पुण्याच्या पेठांकडे पाहिलं की वाटतं, चालण्याजोगी वस्ती रचणं आपल्याला एके काळी येत होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, हाकेच्या अंतरावर मंडई, शाळा आणि देऊळ, आणि दोन्ही बाजूंच्या वाड्यांची सावली पडेल इतकीच रुंद गल्ली. आता जुना वाडा पाडून इमारत उठते, तेव्हा तिचा तळमजला बहुधा पार्किंगला जातो. जिथे ओट्यावर माणसं बसत, तिथे खांब आणि बंपर दिसतात. अशा चार इमारती ओळीने झाल्या की संध्याकाळी त्या गल्लीतून एकट्या मुलीला जावंसं वाटत नाही, मग रस्ता कितीही रुंद केलेला असो.

माथेरानचं कौतुक करताना एक आक्षेप टाळून चालणार नाही, कारण तो खरा आहे. तिथली मोटारबंदी वर्षानुवर्षं माणसांच्या पाठीवर उभी होती. सामान हमालांनी आणि घोड्यांनी वाहायचं, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना हातरिक्षात बसवून दुसऱ्या माणसांनी चढावर ओढायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तो योग्यच होता. गाडीमुक्त गावाची किंमत गरिबाच्या छातीने मोजायची असेल, तर तसं गाव नको. पण यातून निष्कर्ष असा निघतो की वृद्ध, अपंग, शाळकरी मुलं आणि सामान यांच्यासाठी थोडी, हळू चालणारी, बिनधुराची वाहनं हवीत. सर्वांच्या खासगी गाड्या बाजारापर्यंत सोडाव्यात, असा तो निघत नाही. आणि अपंगांचं नाव घेऊन गाड्यांची बाजू मांडणाऱ्यांनी हेही पाहावं की चाकाची खुर्ची आज बहुतेक शहरी फूटपाथांवर धड शंभर मीटरही जाऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: गाडी दारात आली नाही तर धंदा बसेल. ही भीती मला कळते, दुकानाचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरावं लागतं. पण स्पेनच्या वायव्येला, गालिसिया प्रांतात, ऐंशी हजारांवर वस्तीचं पोंतेवेद्रा नावाचं शहर आहे. १९९९ मध्ये पेशाने डॉक्टर असलेले मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस तिथे महापौर झाले आणि त्यांनी जुन्या शहरातून आरपार जाणारी वाहतूक बंद केली. गाव ओलांडायला किंवा जागा शोधत घिरट्या घालायला गाडी आत आणता येत नाही. माल उतरवायला, रहिवाशांना घरी जायला येते. कडेला वाहनतळ केले, आणि मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा छापला, ज्यात या चौकातून त्या चौकात चालत किती मिनिटं लागतात ते दिलं. विरोध झाला, तरी मतदारांनी त्याच महापौरांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्ता एका दिवसासाठी गाड्यांना बंद झाला होता. एका दिवसाने व्यापाराचं गणित सिद्ध होत नाही हे खरं. म्हणूनच ते एका दिवसावर थांबायला नको होतं.

राहता राहिलं ऊन आणि अंतर. नागपुरात एप्रिलच्या दुपारी कोणी चालणार नाही, हे मान्य. पण सावली हीही आखणीचीच बाब आहे. रस्ता रुंद करण्यासाठी वडा-पिंपळाची जुनी झाडं आपणच तोडली, आणि त्यानंतर तो रस्ता चालण्याजोगा राहिला नाही. मोठ्या शहरात सगळं चालत होणार नाही, हेही मान्य. लांबच्या अंतराला बस आणि लोकल लागणारच. तरी बसने जाणारा प्रत्येक जण थांब्यापर्यंत पायीच जातो, आणि तो शेवटचा अर्धा किलोमीटर नकोसा झाला की माणूस दुचाकी घेतो. सुरुवात कुठून करायची हा प्रश्न फार अवघड नाही. वाई, सावंतवाडी, पैठण, पंढरपूर अशा कित्येक गावांची जुनी पेठ अजून पायाच्या मापाची आहे. तिथल्या नगरपालिकांनी पेठेच्या तोंडाशी वाहनतळ करावा, मालाच्या टेम्पोला सकाळची वेळ द्यावी, चालवत नाही त्यांच्यासाठी दोन-चार ई-रिक्षा ठेवाव्यात, आणि हे निदान एक दिवाळी ते पुढची दिवाळी चालू द्यावं. दुकानदारांच्या वह्यांत दोन्ही सणांचा गल्ला लिहिलेला असतोच. मग कोणाचं म्हणणं खरं, ते त्या वह्याच सांगतील.