शेंड्याचं पान, बुडाचं पान

हवानातल्या सिगारच्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस उघड्या पेट्यांवरून नजर फिरवतो आणि बहुधा सगळ्यांत फिक्या रंगाची सिगार उचलतो. फिकी म्हणजे सौम्य, काळी म्हणजे जहाल, असा त्याचा हिशोब. हिशोब पटण्यासारखा आहे, पण चुकीचा आहे. फिकी सोनेरी सिगार तुम्हाला दरदरून घाम फोडू शकते आणि काळपट, तेलकट दिसणारी सिगार मवाळ, गोडसर निघू शकते!

असं का होतं? कारण रंग दिसतो तो फक्त सगळ्यांत वरच्या पानाचा. हातानं वळलेल्या सिगारमध्ये पानांचे तीन थर असतात. बाहेरचं देखणं, तलम पान म्हणजे कापा. त्याखाली आतला ऐवज आवळून धरणारं पान म्हणजे कापोते. आणि मधला गाभा म्हणजे त्रिपा, तीन-चार वेगवेगळ्या पानांची मोट. कापा चवीत भर घालतो, सुगंध देतो, पण सिगारचा जोर ठरतो तो मुख्यतः गाभ्यातल्या पानांवर, आणि ती तुम्हाला दिसतच नाहीत. ही पानं जहाल की सौम्य, हे कशावर ठरतं? बरंचसं एकाच गोष्टीवर: पान झाडाच्या किती उंचीवर उगवलं!

हे नीट समजून घ्यायचं तर आधी क्यूबाच्या पश्चिम टोकाला, पिनार देल रिओ प्रांतात जायला हवं. तिथल्या वुएल्ता आबाहो नावाच्या पट्ट्यात, सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या तांबूस, भुसभुशीत जमिनीत जगातला सर्वांत नावाजलेला सिगारचा तंबाखू पिकतो. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे बसतात. त्या धुळीएवढ्या दाण्यातून काही महिन्यांत पुरुषभर उंचीचं झाड उभं राहतं.

आता पहिला चमत्कार. तंबाखूची सगळी ताकद ज्याच्यात आहे ते निकोटीन पानात तयार होतच नाही. ते तयार होतं मुळांमध्ये! जमिनीखाली बनतं आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर खोडातून वर चढून पानांत साठतं. झाड हा उद्योग करतं कशाला? किड्यांपासून वाचायला. निकोटीन हे झाडाचं स्वतःचं कीटकनाशक आहे. पिकावर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी झाडाचीच युक्ती उचलली आहे.

मग शेतकरी आणखी एक खेळी करतो. झाडाला फुलोरा येऊ लागला की शेंडा खुडतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातही हे काम चालतं. शेंडा गेला की बी धरण्यासाठी राखलेलं सगळं बळ पानांकडे वळतं. झाडाला मात्र ती जखम वाटते, कुणीतरी आपल्याला कुरतडतंय असं वाटतं, आणि मुळं आणखी जोमानं निकोटीन बनवू लागतात. याचा सर्वांत मोठा वाटा जातो वरच्या पानांना. त्यांना ऊनही भरपूर मिळतं, त्यामुळे ती जाड, तेलकट आणि जहाल होतात. बुडाची पानं सावलीत वाढतात, ती पातळ आणि मवाळ राहतात.

म्हणजे एकाच झाडावर, दोन हातांच्या अंतरात, तीन वेगळे तंबाखू उगवतात! क्यूबातले लोक बुडाच्या पानाला व्होलादो म्हणतात. त्याला चव बेताची, पण ते झकास जळतं. मधलं पान सेको, त्याच्यात सुगंध. वरचं लिहेरो, त्याच्यात जोर, पण ते हळू आणि कुरकुरत जळतं. म्हणून पानं एकदम तोडत नाहीत. बुडापासून सुरुवात करून एका वेळी दोन-तीन पानं खुडायची, काही दिवस थांबायचं, मग वरची. एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा यायचं.

वरून घालायच्या पानाची, म्हणजे काप्याची, तऱ्हाच निराळी. त्यावर डाग नको, जाड शीर नको, भोक तर मुळीच नको. म्हणून त्याची अख्खी शेतं पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ऊन गाळून येतं आणि पान मोठं, रेशमी, पातळ होतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातही 1900 च्या सुमारास असे मांडव उभे राहिले. त्या खोऱ्यातल्या सिम्सबरी गावच्या तंबाखूच्या शेतात 1944 च्या उन्हाळ्यात कॉलेजची फी जमवायला अटलांटाहून आलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा राबत होता. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. वंशभेदाच्या भिंती नसलेलं गाव त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

खुडलेली पानं जातात वाळवणीच्या उंच कोठारात. वुएल्ता आबाहोतली ही कोठारं पूर्व-पश्चिम बांधलेली असतात, म्हणजे सकाळचं ऊन एका टोकाच्या भिंतीवर आणि संध्याकाळचं दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर पडतं, लांबलचक बाजू तापत नाही. यंत्र नाही, पंखा नाही, नुसत्या दिशेच्या जोरावर हवामान सांभाळलं जातं! पानं जोडीजोडीनं दोऱ्यात ओवून काठ्यांवर टांगतात. सुमारे पन्नास दिवसांत हिरवं पान पिवळं होतं, मग तपकिरी.

आणि मग सुरू होतो माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत थक्क करणारा भाग. वाळलेली पानं किंचित ओलसर करून त्यांचे ढीग रचतात आणि ढीग आपोआप तापू लागतो. खाली विस्तव नाही, वर ऊन नाही. कोकणातल्या घरात गवताच्या अढीत हात घातला की आंब्यांची ऊब लागते ना, तीच गोष्ट इथे, फक्त पुष्कळ जास्त उष्णतेची. ढिगाच्या पोटात तापमापक खुपसून ठेवलेला असतो. पारा चाळीस अंशांच्या आसपास गेला की ढीग मोडायचा, वरची पानं खाली, आतली बाहेर, आणि पुन्हा रचायचा. या आंबवणीत पानातून अमोनिया बाहेर पडतो, कडवटपणा उतरतो, काही निकोटीनही कमी होतं. गडद, माधुरो जातीचा कापा जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलेला असतो, म्हणून तो काळा दिसतो आणि म्हणूनच बऱ्याचदा गोडसर लागतो. दुकानातल्या काळ्या सिगारचं रहस्य उलगडलं ना? तो रंग जोराचा नाही, मुरण्याचा आहे.

पानं मुरली की येतात वळणाऱ्याच्या टेबलावर. क्यूबात त्याला तोर्सेदोर म्हणतात. त्याची हत्यारं किती? लाकडी पाट, अर्धचंद्राकृती पातं, चिमूटभर बेचव डिंक. बाकी सगळं बोटांत. जहाल पण हळू जळणारं लिहेरो त्यानं बरोबर मध्यभागी ठेवायचं. ते जरा बाजूला सरकलं तर सिगार एका अंगानं जळत जाते. पानांच्या घड्या अशा घालायच्या की मधून हवेला वाट राहील. घट्ट झाली तर धूर येत नाही, सैल झाली तर भराभर तापून कडू होते. काप्याची मधली शीर काढली की हातात दोन अर्धी पानं येतात, एक डावं, एक उजवं. डाव्यानं सिगार एका दिशेनं गुंडाळतात आणि उजव्यानं उलट दिशेनं, म्हणजे गुळगुळीत बाजू बाहेर राहते आणि बारीक शिरा सिगारच्या लांबीला धरून जातात. हातात सिगार आली की तिच्यावरचा तिरका वळसा जरूर पाहा. पान झाडावर असताना त्याची कुठली बाजू होती, ते त्यात लिहिलेलं असतं!

दिवसभर ही बोटं चालत असताना कान मोकळे असतात. म्हणून 1865 मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात एक प्रथा सुरू झाली: उंच जागी बसून एकानं वाचायचं, बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचं. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपापसात वर्गणी काढून देत. वर्तमानपत्रं वाचली जात, कादंबऱ्या वाचल्या जात. अलेक्झांडर द्यूमाची मोंते क्रिस्तोच्या काउंटची कथा कामगारांना इतकी आवडली की 1935 मध्ये निघालेल्या सिगारला मोंतेक्रिस्तो हेच नाव मिळालं.

आता निवडीकडे या. जाडी मोजायचं माप सिगारवाल्यांचं स्वतःचं आहे: इंचाचे चौसष्ट भाग. 50 म्हणजे 50 भाग जाड, 64 म्हणजे पुरती एक इंच. जाडी दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, पण आतला ऐवज चौपट! म्हणून बारीक सिगारमध्ये काप्याची चव पुढे येते आणि जाडजूड सिगारमध्ये गाभ्याची. जाड सिगार थंड जळते, बारीक लवकर तापते. नवख्यासाठी मी मधली वाट सुचवेन: पेतित कोरोना, 129 मिलिमीटर लांब, 42 जाड. अर्ध्या-पाऊण तासात संपते. रोबुस्तो, म्हणजे 124 मिलिमीटर आणि 50, लोकप्रिय आहे, पण पहिल्याच वेळी तेवढा तंबाखू कशाला?

आणि इथे शरीरशास्त्र येतं. सिगारेटचा धूर सहसा आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटीन शोषायला तो फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारच्या मुरलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतूनच रक्तात उतरतं. म्हणून सिगारचा धूर गिळायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो. म्हणूनच धूर आत न घेताही नवख्याला गरगरतं, मळमळतं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. धूर गिळला नाही म्हणून सुटका नाही; तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगारमुळेही होतो. सिगार न ओढणं हाच एकमेव निर्धोक पर्याय आहे. ओढणारच असाल तर लहान घ्या, सौम्य घ्या, भरल्या पोटी ओढा.

सौम्य म्हणजे कुठली? क्यूबाच्या नावांमध्ये ओयो दे मोंतेर्रेय हलक्या अंगाची मानतात, पार्तागास आणि बोलिव्हार दणकट. पण क्यूबावरच अडून बसू नका. 1960 मध्ये क्यूबातले कारखाने सरकारजमा झाले, तेव्हा अनेक जाणते लोक बी आणि कसब घेऊन डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वात गेले. 1962 मध्ये अमेरिकेनं क्यूबाच्या मालावर बंदी घातली. सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांच्याकरवी पेतित उपमान जातीच्या 1200 सिगार मागवून घेतल्या, असं सॅलिंजर यांनीच पुढे सांगितलं. आज डोमिनिकन सिगार सहसा मवाळ असतात, निकाराग्वातल्या एस्तेली भागातल्या तिखट. आणि आपल्याच देशात तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलचे चिरूट आहेत, दोन्ही टोकं उघडी असलेले, म्हणजे बंद टोकावरची टोपी कापायची कटकट नाही. 1887 च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्स खुन्याचा माग काढताना नुसत्या राखेवरून ओळखतो तो हाच त्रिचिनापल्लीचा चिरूट.

दुकानात सिगार अंगठा आणि बोटाच्या चिमटीत अलगद दाबून पाहा. ती किंचित दबून परत वर आली पाहिजे. कडकड वाजली तर वाळलेली आहे, गाठ लागली तर धूर अडणार. मग पेटीचा वास घ्या. पेटीचं लाकूड स्पॅनिश सीडर म्हणून विकतात, पण ते देवदाराच्या कुळातलं नाहीच. ते महोगनीच्या कुळातलं आहे, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं! पेटीतली आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्के हवी. पावसाळ्यातल्या मुंबईत सिगारला बुरशी धरते आणि मे महिन्यातल्या नागपुरात तिचा कापा तडकतो, म्हणून विकत घेतलेली सिगार खिशात किंवा कपाटात पडू देऊ नका.

दुकानदाराला रंग सांगू नका. सौम्य हवी, लहान हवी, पूर्ण पानांची हातवळणीची हवी, एवढंच सांगा आणि पेटी नव्हे, एकच नग घ्या. टोपी कापताना तिच्या वळशाच्या रेषेखाली जाऊ नका, नाहीतर कापा सुटत जातो. पेटवताना ज्योत टोकाला भिडवू नका, जरा दूर धरून फिरवत राहा. मिनिटाला एकच झुरका. राख लगेच झटकू नका. लांब, धडधाकट राख टिकली तर आत अखंड पानं आहेत हे कळतं. आणि दोन तृतीयांश जळाली की थांबा, कारण धुरातलं निकोटीन आणि डांबर मागच्या पानांत साठत गेलेलं असतं आणि शेवटचा तुकडा सर्वांत जहाल झालेला असतो. चुरडायचीही गरज नाही. झुरके थांबले की ती काही मिनिटांत आपोआप विझते.