डोंगराच्या पोटातील संग्रहालय

जमिनीतून कोळसा किंवा धातू जेथून काढतात, त्या जागेला मराठीत 'खाण' म्हणतात. उर्दूत आपण तिला 'कान' म्हणतो. मराठीत मात्र 'कान' म्हणजे ऐकण्याचा अवयव! आज आपण एका जुन्या खाणीची माहिती घेऊ.

जर्मनीत हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी गोस्लार हे जुने शहर आहे. त्याच्या शेजारी रामेल्सबेर्ग नावाचा डोंगर आहे. अशी दंतकथा आहे, की सम्राट ओटोचा एक सरदार येथे शिकारीला आला. त्याने घोडा झाडाला बांधला. घोड्याने टापांनी जमीन उकरली आणि चकाकणारे खनिज वर आले. दंतकथा काहीही असो, या डोंगरातून जवळजवळ सलग एक हजार वर्षे चांदी, तांबे, शिसे आणि जस्त यांची खनिजे काढली गेली. त्यामुळे गोस्लार श्रीमंत झाले.

खाणकामगारांचे जीवन मात्र कष्टाचे होते. खडक फार कठीण असे. म्हणून पूर्वी कामगार खडकाजवळ लाकडे पेटवत. उष्णतेने खडकाला तडे जात आणि मग तो फोडता येई. खोल खाणीत पाणी साचत असे. ते काढण्यासाठी एक युक्ती केली होती. बाहेरच्या ओढ्याचे पाणी बोगद्यातून आत आणून त्यावर मोठी लाकडी चाके फिरवत आणि त्या चाकांच्या जोरावर पंप चालवत. म्हणजे पाण्यानेच पाणी उपसले जाई!

खनिज संपत आले, तेव्हा १९८८ साली खाण बंद झाली. तेथील इमारती पाडून टाकण्याचा विचार सुरू झाला. परंतु ज्यांनी तेथे घाम गाळला होता, त्या कामगारांपैकी काहींनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांच्या प्रयत्नांना यश आले आणि तेथे संग्रहालय झाले. १९९२ साली युनेस्कोने ही खाण आणि गोस्लारचे जुने शहर यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आज प्रवासी डोक्यावर हेल्मेट घालून बोगद्यात जातात. आत गारवा आणि अंधार असतो. दिव्याच्या उजेडात ती जुनी लाकडी चाके दिसतात.

राजांचे महाल सगळेच जपतात. येथे मजुरांच्या कष्टाची जागा जपली आहे. विजेची तार किंवा तांब्याचे भांडे हातात घ्याल, तेव्हा अंधारात राबलेल्या त्या हातांची आठवण ठेवा.