हा कार्लोस की जॉर्ज?

१९९५ च्या पावसाळ्यात माझ्या हाती एक नव्वदची कॅसेट आली. जहाजावर नोकरी करणाऱ्या मिरजेच्या एका मित्राने सिंगापूरहून सीडी आणली होती, तिच्यावरून त्याने मला ती भरून दिली. लेबलवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'सांताना ब्रदर्स'. सीडीतलं छापील पुस्तक त्याच्याकडेच राहिलं. कुठल्या जागी कोण वाजवतो, हे सांगणारा एकही शब्द माझ्याकडे नव्हता.

मी तेव्हा ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचो. धाकटा भाऊ माझ्या मागेच बसायचा, साईड ऱ्हिदमला. तुंबा, बोंगो आणि वेळ पडेल ते. कॅसेट लावली त्या पहिल्याच रात्री आमची जुंपली.

"हा कार्लोस."

"नाही दादा, हा जॉर्ज. सूर कुठे धरतोय बघ. तालाच्या जरा मागे."

मी बोटं ऐकायचो, तो ताल ऐकायचा. त्यामुळे एकमत व्हायचं काही कारणच नव्हतं. पहाटेपर्यंत कॅसेट मागेपुढे करत बसलो आणि शेवटी आईने उठून टेपरेकॉर्डरची वायर काढली.

हा अल्बम १९९४ सालचा. तिघांचा मिळून आहे : कार्लोस सांताना, त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज आणि त्यांचा भाचा कार्लोस हर्नांडेझ. तिघेही गिटारवाले. अकरा तुकडे, आणि जवळजवळ सगळं नुसतं वाद्यसंगीत. कार्लोसचं नाव जगाला ठाऊक आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या त्या अफाट मेळ्यात त्याचा बँड चढला, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम बाजारात आलेलाही नव्हता. जॉर्जला मात्र पुष्कळजण 'कार्लोसचा भाऊ' एवढंच ओळखतात, आणि हे मला नेहमी लागतं. जॉर्जचा स्वतःचा बँड होता, 'मालो'. स्पॅनिशमध्ये मालो म्हणजे वाईट. १९७२ मध्ये या 'वाईट' पोरांचं 'सुआवेसितो' हे अतिशय मऊ गाणं अमेरिकेच्या यादीत अठराव्या नंबरापर्यंत चढलं होतं.

दोघे भाऊ मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातल्या आउत्लान या गावचे. कार्लोस १९४७ चा, जॉर्ज १९५१ चा. वडील होसे सांताना मारियाची मंडळीत व्हायोलिन वाजवत. मारियाची म्हणजे व्हायोलिन, गिटारी आणि तुताऱ्या घेऊन लग्नात, जत्रेत, चौकात वाजवणारी मंडळी. पोटासाठी कुटुंब अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआनाला आलं आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला. कार्लोसच्या हाती वडिलांनी पाचव्या वर्षी व्हायोलिन दिलं होतं. पुढे तो गिटारीकडे वळला, पण माझ्या कानाला ते व्हायोलिन त्याच्या हातातून कधी गेलंच नाही. गिटारीची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो. व्हायोलिनचा गज सूर हवा तितका लांबवतो. कार्लोसचा सूर मात्र गज फिरवल्यासारखा लांबच लांब टिकतो. त्याचं गमक असं की अँपचा आवाज मोठा ठेवून वादक त्याच्यासमोर ठरावीक अंतरावर उभा राहिला, की स्पीकरमधून येणारा आवाज त्याच तारेला पुन्हा हलवतो. तार स्वतःच्याच आवाजावर जगत राहते. हे जमवायला जागा अचूक सापडावी लागते. एक पाऊल इकडेतिकडे झालं की सूर तरी मरतो, नाहीतर किंचाळतो. मी हे मिरजेतल्या आमच्या तालमीच्या खोलीत महिनाभर करून पाहिलं. सापडलेल्या जागेवर खडूने फुली मारून ठेवायचो आणि झाडू फिरला की पुन्हा शोधायचो.

लॅटिन रॉक म्हणतात ते सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन वस्तीत रुजलं. तिथे मेक्सिकोची, मध्य अमेरिकेची माणसं दाटीने राहत होती. एका खिडकीतून ब्लूज, दुसरीतून क्यूबाचा चा-चा-चा. बागेत कोंगा घेऊन बसलेली पोरं. या सगळ्याची सरमिसळ झाली : ब्लूजची गिटार, हॅमंड ऑर्गन आणि त्यांच्याखाली कोंगा, टिंबाली. न्यूयॉर्कच्या टिटो प्युएन्ते या टिंबालीवादकाचं 'ओये कोमो वा' कार्लोसने १९७० मध्ये इलेक्ट्रिक गिटारीवर घेतलं, तेव्हा ही सरमिसळ घराघरांत पोचली.

यातली वाद्यं आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना परकी नाहीत. कोंगा म्हणजे आमचा तुंबा. खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी घासून वाजवतात त्या क्यूबाच्या गुइरोचा चुलतभाऊ म्हणजे आपला रेसो-रेसो. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत अमृतराव काटकरांनी वाजवलेला रेसो-रेसो ज्याने कान देऊन ऐकलाय, त्याला 'सांताना ब्रदर्स'मधली खरखर ओळखीची वाटेल. त्याच्याही आधी, १९५१ च्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्रांनी बोंगो नाचवले होते, आणि त्यांच्या शेजारी चिक चॉकलेट नावाने गाजलेला गोव्याचा तुतारीवादक होता. लॅटिन ताल आपल्या कानांवरून पूर्वीच जाऊन आला आहे.

भावाने मला यातली एक गोष्ट शिकवली, ती इथे सांगायलाच हवी. क्यूबाच्या संगीतात क्लावे नावाचा एक साचा असतो. आपल्या तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्या. आधी तीन आघात, मग दोन. पहिला अर्धा भाग तोल घालवतो, दुसरा सावरतो. लाकडाच्या दोन दांड्या हा साचा वाजवतात, पण दांड्या नसल्या तरी तो वादकांच्या अंगात चालूच असतो. "तुझी गिटार समेवर येऊन बसते," भाऊ म्हणायचा, "यांची सम सगळीकडे सांडलेली असते." त्यानंतर मी टाळ्या देत, दारात बसून, आठवडाभर नुसतं ऐकलं. गिटारीला हात लावला नाही.

अल्बममधला चौथा तुकडा मी सर्वांत जास्त वेळा ऐकलाय : 'एन आरानहुएस कॉन तु आमोर'. मूळ रचना स्पेनच्या होआकिन रोड्रिगो यांची. तिसऱ्या वर्षी घटसर्पाने त्यांची दृष्टी गेली. ते ब्रेलमध्ये संगीत लिहीत. गिटार आणि वाद्यवृंदासाठीची ही रचना त्यांनी १९३९ मध्ये पॅरिसला पुरी केली आणि १९४० मध्ये बार्सिलोनात ती पहिल्यांदा वाजली. तिचा मधला, संथ भाग जगभर गेला. त्यांच्या पत्नीने पुढे लिहिलं, की त्यात त्यांच्या लग्नानंतरच्या सुखाच्या दिवसांची आठवण आहे आणि जन्माआधीच गेलेल्या पहिल्या मुलाचं दुःखही. मला हे कितीतरी वर्षांनी कळलं. कॅसेट ऐकताना काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्या तुकड्यापाशी आम्ही दोघेही भांडायचे थांबायचो.

भांडण थांबायचं याला आणखीही एक कारण होतं. स्टेजवर दोन लीड गिटारी एकत्र आल्या की काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या दहा मिनिटांत एकाचा आवाज वाढतो, मग दुसऱ्याचा, आणि मध्यंतरापर्यंत गायक रडकुंडीला येतो. इथे तर तीन होत्या. त्यांतला एक इतका मोठा, की त्याने नुसता सूर धरून ठेवला असता तरी बाकीचे झाकले गेले असते. तसं होत नाही. एक वाक्य संपतं, मग थोडी मोकळी जागा, आणि मग दुसऱ्याचं वाक्य. ती मोकळी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. घरात धाकटा बोलायला लागला की थोरल्याने गप्प बसायचं असतं, आणि ते किती अवघड असतं ते मी थोरला असल्यामुळे जाणतो.

अल्बम चालला नाही. बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत तो १९१ च्या वर गेला नाही. पाच वर्षांनी आलेल्या 'सुपरनॅचरल'ने कार्लोसला पुन्हा शिखरावर नेलं. त्या अल्बमवर गाजलेले गायक होते, आणि तो उत्तमच आहे. पण कार्लोसचं घर ऐकायचं असेल तर मी १९९४ चीच कॅसेट लावतो.

लोक आम्हा भावांना फोनवर ओळखू शकत नाहीत. माझी बायको लग्नानंतर वर्षभर फसायची. दिराशी दहा मिनिटं बोलून मग विचारायची, "भावजी, तुम्ही आहात का?" सांतानांच्या गिटारींचंही मला तेच वाटतं. सवय, ओढ, सूर सोडण्याची रीत एका घरातून आलेली. म्हणूनच आमच्या भांडणाचा निकाल कधी लागला नाही.

१४ मे २०२० ला जॉर्ज गेला, कॅलिफोर्नियातल्या सॅन राफाएलमध्ये. आपल्याकडे लॉकडाऊन होता. भाऊ इचलकरंजीत, मी मिरजेत, मधले पस्तीसेक किलोमीटर बंद. बातमी वाचली तशी मी फोन लावला. "हॅलो" ऐकलं आणि सांगून टाकलं, की अरे, आपला जॉर्ज गेला. तू म्हणायचास ते बरोबर होतं, आरानहुएसमधला तो शेवटचा सूर त्याचाच असणार, मी उगाच पंचवीस वर्षं वाद घातला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याच आवाजात उत्तर आलं, "काका, बाबा गच्चीवर आहेत. तुंब्याचं कातडं उन्हात ठेवायला गेलेत. हाक मारू?"