कक्षेचं वीजबिल

शुभांशु शुक्ला २०२५च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचले, तेव्हा बातम्यांमध्ये एक आकडा हमखास दिसायचा : ताशी साधारण २७,६०० किलोमीटर. ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी पंचविसाच्या वेगानं सरकणाऱ्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की, आकडा मोठा आहे.

त्याला ३,६००नं भागा. सेकंदाला ७.६६ किलोमीटर. आता तो डोक्यात मावतो. ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत वाशीला पोचायला अर्धा तास घेते. तेवढं अंतर अवकाश स्थानक अडीच सेकंदांत कापतं. कोपरखैरणे ते घणसोली तर अर्ध्या सेकंदाच्या आत. आणि लोकलच्या त्या अर्ध्या तासात स्थानकाची जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वीप्रदक्षिणा उरकलेली असते.

पण हाच वेग का? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अवकाश मोहिमा’ हा धडा आहे, त्यात क्रांतिक वेगाचं, म्हणजे कक्षेत टिकायला लागणाऱ्या वेगाचं, सूत्र येतं. मुलं ते पाठ करतात, ५/१८नं गुणून एककं बदलतात आणि मार्क घेतात. सूत्रामागची गोष्ट मात्र त्याहून सोपी आहे. हातातून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, म्हणजे साधारण दीड मजला. पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभाग दर ७.९ किलोमीटरला तेवढाच, ४.९ मीटर, खाली वळतो. हवा आणि डोंगर आड आले नसते आणि जमिनीलगत सेकंदाला ७.९ किलोमीटरच्या वेगानं आडवा दगड भिरकावता आला असता, तर तो पडतच राहिला असता आणि जमीनही तेवढीच खाली जात राहिली असती. चारशे किलोमीटरवर ओढ थोडी कमी, म्हणून वेगही थोडा कमी. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे अजूनही सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात जमिनीवरच्यापैकी जवळपास ८९ टक्के तिथे शिल्लक असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं यान एकत्रच पडत असतात.

चारशे किलोमीटर हे अंतर तसं काहीच नाही. कोपरखैरण्याहून कोल्हापूर गाठून थोडं पुढे गेलात की झालं. मग अवघड काय आहे? इथे वेगाचं एकक सोडून विजेच्या बिलावरचं एकक घ्यावं, कारण उत्तर त्यात आहे. एक किलो वस्तू चारशे किलोमीटर उंच नेऊन ठेवायला जेमतेम एक युनिट ऊर्जा लागते. त्याच एका किलोला तिथे ७.६६ किलोमीटरचा आडवा वेग द्यायला लागतात आठ युनिटं. उंचीचं एक, वेगाची आठ! रॉकेट ‘वर’ जातं असं आपण म्हणतो खरं, पण त्याचा बहुतेक खर्च आडवं पळण्यावरच होतो. म्हणून तर ते सुटल्यावर थोड्याच वेळात कलायला लागतं.

याचं कारण वेगाचा वर्ग. साठच्या वेगानं धावणाऱ्या गाडीपेक्षा स्थानक ४६० पट वेगवान आहे, पण किलोमागे त्याची ऊर्जा दोन लाख पटींहून जास्त. ताशी किलोमीटरमध्ये हा फरक झाकला जातो, म्हणून मला ते एकक इथे फसवं वाटतं. ‘माख २२’ असं लिहिणारे तर आणखी पुढचे. जिथे आवाज पोचवायला धड हवाच नाही, तिथे आवाजाच्या वेगाशी तुलना कशाला?

नऊ युनिटं म्हणजे घरातल्या बिलात किरकोळच की! मग रॉकेटं एवढी अवाढव्य कशाला? कारण इंधनाला स्वतःचंही वजन वाहून न्यावं लागतं. आपलं पीएसएलव्ही सुटताना सुमारे ३२० टन भरतं आणि सहाशे किलोमीटरच्या ध्रुवीय कक्षेत पावणेदोन टन ठेवतं. दर शंभर किलोमागे जेमतेम अर्धा किलो. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्याची थोडी मदत मिळते; कोपरखैरण्याच्या फलाटावर उभी असलेली लोकलसुद्धा त्या फिरण्यामुळे ताशी १,५८० किलोमीटरनं पूर्वेला चाललेली असते.

बाल्कनीतली डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, तो सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतो आणि त्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीन किलोमीटर. जितकं वर, तितकं सावकाश. तरी तिथे पोचायचं एकूण बिल जास्तच येतं, कारण तिथे उंचीचा वाटा फुगतो.

स्थानक स्वतः पाहायचं असेल, तर सूर्यास्तानंतरच्या तासाभरात योग्य दिवस गाठावा. कोपरखैरण्यातल्या दिव्यांच्या झगमगाटातही ते दिसतं. खाडीच्या बाजूनं न लुकलुकणारा ठिपका चढतो आणि चारपाच मिनिटांत पारसिकच्या डोंगराकडे उतरतो. कधी मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो.

परतताना ही सगळी युनिटं उतरवावीच लागतात. कक्षा सोडण्यासाठी यानाचं इंजिन वेग कमी करतं तो ताशी चारेकशे किलोमीटरनंच. पॅराशूट उघडतात तेव्हा वेग पाच-सहाशेवर आलेला असतो. मधले सव्वीस हजारांहून अधिक किलोमीटर हवेशी घासूनच जातात, आणि त्याची उष्णता झेलायला यानाच्या बुडाशी उष्णतारोधक कवच बसवलेलं असतं.