ट्रम्पेट कोणाचं?

शेंद्रा एमआयडीसीत माझं काम मोजण्याचं. गिअरबॉक्सला लागणारे शाफ्ट आमच्याकडे टर्न होतात, ग्राइंड होतात आणि शेवटी माझ्या टेबलावर येतात. प्रत्येकाच्या तोंडावर एक बारीक क्रमांक ठोकलेला असतो. तो वाचला की पोलाद कोणत्या भट्टीतलं, काम कोणत्या पाळीत झालं, मशीनपुढं कोण उभं होतं, सगळं दोन मिनिटांत निघतं. ऑडिटवाले त्याला ट्रेसेबिलिटी म्हणतात, आम्ही आपसांत कुंडली म्हणतो.

संध्याकाळी खोलीवर आलो की मी दुसऱ्या एका गोल वस्तूची कुंडली काढत बसतो. ती आजवर कधी पुरी निघालेली नाही.

खोली शेंद्रा कमंगरात. दोन खोल्यांपैकी एक माझी आणि एक रेकॉर्डांची, असं घरमालकीणबाई म्हणतात आणि ते खरं आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्या उभ्या लावलेल्या, कारण आडव्या थप्पीत खालच्या तबकडीला वरच्यांच्या वजनानं तडा जातो. एल.पी. वेगळ्या खणात. चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरली की आठवडाभर काही लावायचं नाही, बाहेरच्या हलगीपुढं आपल्या ड्रमरचा निभाव लागत नाही.

नाद लागला जाफर गेटच्या रविवार बाजारात. जुनी कुलुपं, पाने, कुकरची झाकणं यांच्या शेजारी एका गोणपाटावर सात तबकड्या पडल्या होत्या. घासाघीस न करता उचलल्या. त्यातल्या दोन भजनांच्या, चार कुणाच्या तरी लग्नाच्या काळातल्या आणि एक 'अलबेला'ची. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर. ऐकायची म्हणून आधी धुवायला घेतली. कारखान्यात तेलकट भाग आम्ही स्पिरिटनं पुसतो, त्याच सवयीनं कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि फिरवला. कापूस काळा झाला. मला वाटलं, केवढी घाण होती! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसऱ्या बोळ्याला लक्षात आलं की निघतेय ती घाण नव्हे, रेकॉर्डच निघतेय.

७८ ची तबकडी लाखेची. कुसुम-पळसावरच्या किड्यांची लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे सुताराच्या पॉलिशवाल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. त्या तबकडीच्या काठाकडचे कडे आजही पुसट आहेत. गाणं सुरू होण्याआधी फक्त फुसफुस येते आणि मग एकदम मध्यातून बँड उगवतो.

आता रीत ठरली आहे. बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश. लेबलवर डाव्या हाताचा पंजा ठेवायचा, कागद भिजता कामा नये. ब्रश खोबणीच्या दिशेनं फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग साध्या पाण्यानं धुऊन ताटाळ्यात उभी करायची. ताटाळं मुद्दाम विकत घेतलं आहे. भावजयीनं विचारलं, एकट्याला एवढी ताटं कशाला?

वाळल्यावर पिन. एल.पी.ची पिन टोकाला साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला तिच्या चौपट जाड लागते, ७५ मायक्रॉनच्या आसपास. बारीक पिन लावली तर ती रुंद खोबणीच्या तळाशी लोळते, तिथं साठलेली सगळी धूळ वाजवते आणि गाणं भिंतींवरच राहतं. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचं डोकं शंभर ग्रॅमच्या वर वजनानं तबकडीवर बसायचं. पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी घ्यायची, कारण लाखेतली दगडाची पूडच तिला घासून खोबणीच्या मापाची करायची. म्हणजे रेकॉर्ड पिनेला ग्राइंड करायची आणि पिन रेकॉर्डला. आमच्या शॉपमध्ये असं मशीन एक दिवस टिकणार नाही. मी चार ग्रॅमवर वाजवतो.

शेवटी वेग. एका कागदी चकतीवर ७७ काळ्या रेघा असतात. ती फिरत्या तबकडीवर ठेवायची आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या लुकलुकत्या दिव्यात बघायची. दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो, मिनिटाला ६,०००. भागिले ७७, म्हणजे ७७.९२ फेरे. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. एलईडीत हे नीट दिसत नाही, म्हणून स्विचबोर्डावरचा जुना लाल निऑन मी जपून ठेवला आहे. रेघा पुढं सरकल्या तर वेग जास्त, मागं सरकल्या तर कमी. वेग चुकला की स्वर चुकतो, स्वर चुकला की वाजवणारा ओळखू येत नाही. आणि मला हवा असतो तो वाजवणारा.

रविवारी दुपारी दोघं येतात. एक सर, शहरातल्या एका कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. ते अमेरिकन जॅझचे माणूस, शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जॅझचा कार्यक्रम ऐकत वाढलेले. दुसरे मास्तर. छावणीकडच्या एका ब्रास बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलं. आता दातांमुळे वरातीत वाजवत नाहीत, पण माउथपीस सदऱ्याच्या खिशात असतं.

सरांचं आवडतं उदाहरण ठरलेलं. लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज'. २८ जून १९२८, शिकागो. पियानोवर अर्ल हाइन्स, ड्रमवर झुटी सिंगलटन. हे आज कुणालाही सांगता येतं. लेबलावर ही सगळी नावं नव्हती. शौकिनांनी ती खणून काढली. पॅरिसमध्ये शार्ल दलोने या जेमतेम पंचविशीतल्या तरुणानं १९३६ मध्ये 'हॉट डिस्कोग्राफी' छापली. तबकडी, तारीख, गाव, आणि कुठलं वाद्य कुणी वाजवलं त्याची नोंद. वाजवणाऱ्याचं नाव हा त्या छंदाचा पाया झाला. विलायती तबकड्यांची तर आणखी गंमत. इंग्लंडात हेजच्या कारखान्यातल्या तबकड्यांवर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात एखादं अक्षर कोरलेलं असतं. ग्रामोफोन लिमिटेड या नावातली दहा अक्षरं, जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असं करत शेवटचं डी म्हणजे शून्य. त्यावरून साचा कितवा ते कळतं. हे मला सरांनी भिंगातून दाखवलं तेव्हा मी हसलोच. आमच्या शाफ्टवरचीच कोडभाषा.

आपल्याकडच्या तबकडीवरही हे सगळं आहे. कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, कलकत्त्याच्या डमडमचा कारखाना. गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश'चे जाडजूड खंड करून गाण्यागणिक नोंद लावली, त्याला तोड नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली, सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं रेटलं. एवढं होऊनही माझ्या 'अलबेला'च्या तबकडीवर ट्रम्पेट कोणी वाजवलं, हे लेबल सांगत नाही. लाखेचा साचा कितवा ते सापडेल एकवेळ, माणूस सापडत नाही.

उमेदवार अर्थातच चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो शाव्हिएर वाझ, जन्म १९१६, गोव्यातलं आल्दोना गाव. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांचं ऐकून आणि त्यांच्यासोबत वाजवून गोव्याच्या पोरांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या शाळेत त्यांनी स्टाफ नोटेशन आधीच घोटलेलं होतं. आर्मस्ट्राँगसारखं वाजवणं, त्याच्यासारखाच हातात रुमाल, हा चिकचा बाणा. रात्री हॉटेल आणि दिवसा फिल्म स्टुडिओ अशी या मंडळींची दिनचर्या. चाल बांधणारे संगीतकार आणि ती कागदावर मांडणारे, वाद्यांत वाटून देणारे हे अरेंजर, अशी ती जोडी. चिक सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे, अँथनी गोन्साल्विस अनेकांकडे. या अँथनींचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यामुळे. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांनी गुरूचं नाव तिथं आणवलं. ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे.

'अलबेला'त तर चिक आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. म्हणून मास्तरांसाठी प्रकरण तिथंच संपतं. माझ्यासाठी नाही. पडद्यावर वाद्य ओठाला लावणारा आणि ध्वनिमुद्रणात वाजवणारा एकच असेल असं नाही. शिवाय त्या काळात पुष्कळदा सिनेमासाठी गाणं वेगळं आणि तबकडीसाठी वेगळं मुद्रित व्हायचं. म्हणजे सिनेमात कोण वाजवतोय हे कळलं तरी माझ्या तबकडीचा प्रश्न सुटत नाही. तपासणी म्हणजे तपासणी.

"साहेब, कागद कशाला पाहिजे? कान हाय ना," मास्तर म्हणतात. मग तो तुकडा लावायचा. ट्रम्पेटचा तुकडा जेमतेम काही सेकंदांचा, गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत. "बघा, सूर सोडताना हा मानूस खाली घसरतो. वरातवाला असं नाही करत, त्याला सूर फेकून मोकळं व्हायचं असतं. ह्यानं सोडला न् मागं वळून बघितलं." खिशातून माउथपीस काढून त्यांनी नुसत्या ओठांनी तो घसरता सूर करून दाखवला. मी पिन पुन्हा मागं घेतली. तसाच.

सरांना पटत नाही. ही घसरण आर्मस्ट्राँगची, ती त्या वेळी मुंबईतला प्रत्येक ट्रम्पेटवाला उचलत होता, फ्रँक फर्नांडही होतेच की. त्यांचा पुढचा मुद्दा असा की हे जॅझ नव्हेच, पाठीमागची सजावट आहे. यावर आमचं नेहमी वाजतं. माझं मत सरांपेक्षा मास्तरांकडे झुकतं. चार सेकंदांच्या फटीत स्वतःचा आवाज बसवणं हे पूर्ण कोरस मिळालेल्या माणसापेक्षा अवघडच. सर मान हलवतात आणि चहा मागतात.

मागच्या पावसाळ्यात सरांनी एक एल.पी. आणली, 'रागा जॅझ स्टाइल', शंकर-जयकिशन, १९६८. अकरा रागांवर बांधलेल्या अकरा रचना. सतारीवर रईस खाँ. हिच्या वादकांची नोंद आहे. सॅक्सोफोनला मनोहारी सिंग, ट्रम्पेटला जॉन परेरा, ड्रमला लेस्ली गोदिन्हो, पियानोला ल्युसिला पाशेको. सरांनी यादी वाचली. मास्तरांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग तबकडी लावली तर ते रेकॉर्ड प्लेअरकडे बघत नव्हते, मांडीवरच्या कव्हरकडे बघत होते.

"आमच्या बँडच्या गाडीवर मालकाचं नाव, खाली मोबाइल नंबर," थोड्या वेळानं ते म्हणाले. "वाजवणाऱ्याचं नाव टाकायला जागा कुठं राहते?" आणि कव्हर सरांना परत दिलं, दोन्ही हातांनी.

माझी एक वही आहे. कंपनीतल्या तपासणी तक्त्यासारखेच रकाने आखले आहेत: क्रमांक, मॅट्रिक्स, तबकडीची अवस्था, वेग, पिन, वादक. बाकी सगळं शाईनं, शेवटचा रकाना पेन्सिलनं. 'अलबेला'समोर आजची नोंद अशी आहे: ट्रम्पेट, चिक चॉकलेट (मास्तर: हो. सर: नाही. मी: पुरावा नाही). चिक १९६७ मध्येच गेले. ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक काढलं, नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'मधून मुंबईच्या जॅझवाल्यांची कहाणी आणली, म्हणून निदान नावं तरी आमच्यापर्यंत पोचली. कोणतं नाव कोणत्या चार सेकंदांचं, एवढंच उरलं आहे.

मास्तरांनी माउथपीस पुसून खिशात टाकलं. "दुसरी बाजू लावा," म्हणाले.

दुसऱ्या बाजूला ट्रम्पेट नाहीच. क्लॅरिनेट आहे. मी वहीत पेन्सिलनं आणखी एक ओळ आखली.